डावीकडून पहिला

१. पडद्यामागे

इतिहास कुणाच्या बापाला चोरता येत नाही. माणसं जातात, राजवटी जातात, नद्यासुद्धा पात्रं बदलतात. पण घडलेलं ते घडलेलंच राहतं, आणि तिथवर कोणत्याही चोराचा हात पोचत नाही.

हे तेजस्वी वाक्य मी शुक्रवारी सकाळी आमच्या शताब्दी समितीच्या अध्यक्षांना रविवारच्या भाषणासाठी लिहून दिलं. शनिवारी सकाळी नऊ वाजता कळलं, की इतिहासातला एक माणूस चोरीला गेला आहे.

आमच्या गावाकडे अभिमान भरपूर आहे. तो ठेवायला जागा मात्र एकच, ती म्हणजे नदीवरचा तीन कमानींचा दगडी पूल. त्याला यंदा शंभर वर्षं झाली. म्हणून समिती नेमली, वाचनालयाचा हॉल घेतला आणि प्रदर्शन भरवायचं ठरलं. संशोधनाचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे आलं, कारण ते फुकट करणारं दुसरं कुणी सापडेना.

ताईनं भूमापन कार्यालयात पस्तीस वर्षं नकाशे ट्रेस केले. निवृत्त झाल्यावर तिनं लॅपटॉप घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी मांडला. जगात जेवढी म्हणून ग्रंथालयं, दप्तरखाने आणि संग्रहालयं आपापली कपाटं स्कॅन करून नेटवर फुकट टाकतात, तेवढी सगळी आता तिची माहेरची माणसं झाली आहेत. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये ती एक शतक मागं जाऊन येते.

तिनंच आमच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने अंक एका लांबच्या विद्यापीठाच्या साइटवरून शोधून काढले. त्यात उद्घाटनाची बातमी होती. फोटो नव्हता, साप्ताहिकाची तेवढी ऐपत नव्हती. पण फोटो काढल्याचं लिहिलं होतं, आणि कोण कुठं उभं होतं तेही. ‘डावीकडून पहिले मुख्य गवंडी, ज्यांनी कमानीचा शेवटचा दगड बसवला, मग पाहुणे अधिकारी, मग इंजिनिअर, आणि शेवटी कंत्राटदार.’ आता फोटो कुठं असेल? ताईनं तीन महिने शोधला. शेवटी एका संग्रहालयाच्या साइटवर जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटचा स्कॅन सापडला. खाली लिहिलं होतं, ‘पूल, ठिकाण अज्ञात.’ नदीत उतरणाऱ्या एकवीस पायऱ्या मोजून ताईनं आमचं गाव ओळखलं. त्या दिवशी तिनं मला दोनदा चहा दिला. इतका आनंद तिला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तर तो फोटो सहा फूट रुंद छापून हॉलमध्ये लावला होता, खाली मथळा, वरून निळा पडदा. शनिवारी सकाळी ताईनं पडदा सरकवला.

फोटोत तीनच माणसं होती. डावीकडून पहिल्याच्या जागी खांद्यांपासून वर एक भोक होतं, आणि त्या भोकातून वाचनालयाची भिंत आमच्याकडे बघत होती.

२. कात्रीवाली

“पोलिसांना बोलावू या,” मी म्हणालो.

“आणि काय सांगशील? सत्तर वर्षांपूर्वी मेलेला माणूस काल संध्याकाळपासून बेपत्ता आहे म्हणून?” ताई भोकाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली. “ब्लेड वापरलंय. हात थरथरत होता. मथळ्याला मात्र धक्का नाही.”

चौकशीत एवढं समजलं. शुक्रवारी पाच वाजता फोटो लावून झाला. हॉलची किल्ली सांभाळणारे खिळेमास्तर दार नुसतं लोटून, टाचण्या आणायला घरी गेले. सहाला परत आले तर पडदा ओढलेला. कुणीतरी मदत केली असं समजून ते मनातल्या मनात आभार मानून कुलूप लावून गेले. त्या एका तासात दोघंच आत येऊन गेली, असं समोरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. त्याच्याकडे गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे तो पक्का साक्षीदार आहे. आधी टेलरबाई आल्या, त्यांच्यामागून अध्यक्ष.

टेलरबाई त्या गवंड्याची नात. पन्नाशी उलटलेल्या, गल्लीच्या तोंडाशी दुकान, गळ्यात कायम टेप. त्यांचे वडील जन्मभर सांगत राहिले, की ‘त्या पुलाचा शेवटचा दगड माझ्या बापानं बसवला.’ आणि गाव जन्मभर त्यांना हसत राहिलं. पुलावरच्या पाटीवर कंत्राटदाराचंच नाव आहे. घरात आजोबांचा एकही फोटो नाही. तेव्हा आजोबांचा चेहरा पाहायला मिळणार म्हणून बाई गेला महिनाभर दिवस मोजत होत्या.

आम्ही गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या. ताईनं भोकाची हकिकत सांगितली. मशीन थांबलं.

“म्हणजे माझ्यावर संशय? कात्री असते म्हणून?”

“तसं नाही हो—” मी सुरुवात केली.

“भाऊ, ही कात्री बघा. आईनं दिलेली आहे. ह्या कात्रीनं घरातल्या कुणी कागद कापला ना, तर मी त्याला जेवायला वाढत नाही. धार जाते! आणि मी काही कापलंच असतं तर भोवती चार बोटं जागा सोडून कापलं असतं. अंगालगत कापतो तो शिकाऊ.”

ताईनं मान हलवली. “फोटो बघितलात तेव्हा पडदा?”

“उघडा होता. बघितला, आणि तसाच ठेवून आले.” बाईंचा आवाज एकदम खाली आला. “ताई, खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. आजोबांसमोर उभी राहिले, डोळे भरून आणायचा पण प्रयत्न केला. छे! कुणी परका माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. रात्री स्वतःचीच लाज वाटली. शंभर वर्षांनी भेटले, आणि मी अशी कोरडी.”

“आणखी काही दिसलं?”

“दुसऱ्या टोकाचा माणूस दिसला. कंत्राटदार तो. त्याचा कोट उसना होता, ताई. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, खांद्यात ओढलेला. एवढा मोठा कंत्राटदार आणि मापाचा कोट नाही? चिकट असणार.”

रस्त्यात ताईनं तीन माणसांकडे निरखून पाहिलं, तेही बाह्यांकडे. माझ्या माहितीत हा तिचा उच्चांक आहे.

३. मफलर आणि भिंग

खिळेमास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते. लाकडी खणांतून शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या. छापखाना गेला, खिळे वितळले, नाव राहिलं. प्रदर्शनाचे सगळे मथळे त्यांनी तपासले होते.

“माझ्या मथळ्यात चूक काढून दाखवा,” ते ताठ बसून म्हणाले. “ह्या वयात मी भिंगही वापरत नाही. मधल्या कमानीवर तो एवढासा फलक आहे ना, ‘पूल वाहतुकीस खुला’, तो मी नुसत्या डोळ्यांनी वाचला. मथळ्यात घातला. तुम्हांला वाचता आला होता का?”

“नाही,” ताई प्रामाणिकपणे म्हणाली. “मला ती परकी लिपी वाटली.”

“बघा!” मास्तरांची छाती दोन इंच फुगली. “डोळ्याला वळण लागतं.”

अध्यक्षांच्या बंगल्यात दर्शनी भिंतीवर त्यांच्या आजोबांचं, म्हणजे पूल बांधणाऱ्या कंत्राटदारांचं, तैलचित्र आहे. रुबाबदार चेहरा, आणि पार कानांखाली ओढलेली टोपी. त्या चित्राखाली अध्यक्ष बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा पाचावर होता, आणि अध्यक्षांच्या डोक्याभोवती लोकरीचा मफलर गच्च गुंडाळलेला होता.

“कानाला दडे बसलेत,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून. ताईसाहेब, फार वाईट झालं. मी गेलो तेव्हा पडदा ओढलेला होता हो. मी काही पाहिलंच नाही.” त्यांनी घाम पुसला. “आता तो फोटो कायमचाच गेला म्हणायचा. इलाज नाही. मूळ प्रत वगैरे कुणाकडे असते का हो? म्हणजे कुणाच्या कपाटात?”

“मूळ नेटवर आहे. दुपारपर्यंत दुसरा छापून येईल.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा रंग मफलरच्या आत उतरला. “पण नेटवरचा तर आपण काढून घेतला ना? खाली उतरवून?”

“डाउनलोड केला. तो तिथंही राहतो, अध्यक्षसाहेब.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे काय, जगभर. कुणीही बघावा.”

ते एकदम उठले, पाणी प्यायले, आणि आम्हांला चहा न विचारता त्यांनी दारापर्यंत पोचवलं. ह्या बंगल्यात चहा न मिळणं ही मी त्या दिवशी पाहिलेली सर्वांत संशयास्पद गोष्ट होती.

४. ट्रेसिंग पेपर

“पडद्याबद्दल दोघांपैकी एक खोटं बोलतंय,” घरी आल्यावर मी म्हणालो. “आणि बोलणारा मफलरमध्ये आहे. ह्यात शोधायचं काय उरलं?”

“कारण,” ताई म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

तिनं तो गेलेला चेहरा स्क्रीनभर मोठा केला. आम्ही दोघं पाहत राहिलो. माझ्या तोंडून “अगंबाई” निघालं, जे मी सहसा म्हणत नाही. चेहरा साधाच होता. पण कपाच्या कानांसारखे दोन्ही बाजूंना उभे राहिलेले ते कान गावानं दर स्वातंत्र्यदिनी झेंड्याखाली पाहिले होते.

“हे तर अध्यक्ष!”

“त्यांचे आजोबा,” ताई म्हणाली. “तीन महिने हा फोटो माझ्याकडे आहे. मी पायऱ्या मोजल्या, मथळा जुळवला, आणि माणसांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. गाढव मी.”

“म्हणजे अध्यक्षांचे आजोबा कंत्राटदार नव्हतेच? गवंडी होते? मग टेलरबाईंचे आजोबा कोण?”

उत्तर न देता ताईनं खणातून ट्रेसिंग पेपर काढला, स्क्रीनला चिकटपट्टीनं लावला आणि पेन्सिल घेतली. पस्तीस वर्षांची सवय. तिला एखादी गोष्ट समजून घ्यायची असली की ती आधी गिरवते. पूल गिरवला. पायऱ्या गिरवल्या. लांब मागं दिसणारी गिरणीची चिमणी गिरवली. ती गिरणी आमच्या जन्माआधीच पाडली. गावात कुणाला आठवत नाही.

मग तिनं दुसऱ्या एका साइटवरचा जुना भूमापन नकाशा उघडला. तोही फुकट. नकाशात गिरणी होती, पूल होता, आणि पायऱ्या एकाच काठावर होत्या.

“पायऱ्या फोटोत अगदी पुढ्यात, अलीकडच्या काठावर आहेत. म्हणजे फोटोवाला ह्याच काठावर उभा होता. इथून पुलाकडे बघितलं तर गिरणी कुठल्या हाताला येते?”

मी नकाशात मनानं उभा राहिलो. “उजव्या.”

“आणि फोटोत?”

“डाव्या.” मी घाबरलो. “हा आपला पूलच नाही?”

उद्या दोनशे लोक येणार होते, आणि आम्ही दुसऱ्याच गावाचा अभिमान सहा फूट रुंद छापून ठेवला होता! ताईनं मात्र ट्रेसिंग पेपर शांतपणे काढला, नकाशाशेजारी धरला, जरा वेळ पाहिला. आणि ट्रेसर जे दिवसातून दहा वेळा करतो ते केलं. कागद पालथा केला.

चिमणी उजवीकडे गेली. पूल नकाशाशी मिळाला.

“काचेची प्लेट,” ती हळूच म्हणाली. “दोन्ही बाजूंनी दिसते ती. स्कॅन करणाऱ्यानं पालथी ठेवली. अरे, आपण सगळा इतिहास उलटा टांगलाय. जा, झेरॉक्सवाल्याला थांबव, म्हणावं नवा फोटो उलटवून छाप. आणि पाच वाजता सगळ्यांना हॉलवर बोलाव. अध्यक्षांना सांग, मफलरसकट या.”

५. पाच वाजता

हॉलमध्ये भोकाचा फोटो तसाच होता. शेजारी नवीन छापलेला, पडद्याखाली. खिळेमास्तर, टेलरबाई आणि अध्यक्ष खुर्च्यांवर बसले. मी दाराशी, म्हणजे कुणी पळालं तर अडवता यावं. ताई मागाहून म्हणाली, की मी खुर्चीत बसलो होतो आणि झोपलो होतो. हे खोटं आहे. मी डोळे मिटून ऐकत होतो.

“गवंड्याचा मान ज्याला खुपत होता, त्यानं काय फाडलं असतं?” ताईनं विचारलं. “मथळा. नाव तिथं लिहिलंय. चोरानं मथळ्याला हात लावला नाही, चेहरा नेला. त्याला नावाची भीती नव्हती, चेहऱ्याची होती. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याला कोण घाबरतं? ज्याच्याजवळ तोच चेहरा आहे तो. उद्या त्या फोटोशेजारी उभं राहून त्याला भाषण करायचं होतं. शिवाय त्याला वाटत होतं, की फोटो जगात एकच आहे. फुकट मिळणारी वस्तू चोरणारा माणूस आपल्या समितीत एकच आहे. अध्यक्षसाहेब, उकडत असेल. काढा तो मफलर.”

मफलर निघाला. कान बाहेर आले, लालबुंद.

“लोकांसमोर कसं उभं राहायचं, ताईसाहेब?” अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पेटीत आजोबांचा एक जुना फोटो आहे. मी त्यांना ओळखलं. काल इथं आलो आणि खाली काय लिहिलेलं? गवंडी! साप्ताहिकात छापून आलेलं! छापलेलं खोटं कसं असेल? म्हणजे तीन पिढ्या आम्ही खोटं सांगत आलो. पाटी खोटी, बंगल्यातलं चित्र खोटं. आम्ही साधे गवंडी निघालो हो!”

टेलरबाई ताडकन उठल्या.

“निघालो म्हणजे? साधे म्हणजे? तुमच्या कागदावरच्या सह्यांवर उभा आहे का तो पूल? शंभर पूर आले. एक दगड हललाय? माझा बाप हेच सांगत मेला आणि तुम्ही सगळे हसलात. आज तोच मान फुकट घरी चालून आला, तर तुम्हांला लाज वाटली? आम्हांला मिळाला असता तर मी दुकानावर पाटी लावली असती!”

अध्यक्ष खाली बघत होते. मला वाटतं, ते आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचं भाषण पूर्ण ऐकत होते.

“मास्तर,” ताई वळून म्हणाली, “कमानीवरचा फलक एकदा वाचून दाखवता?”

“पूल वाहतुकीस खुला.”

“बोट ठेवून वाचा.”

मास्तर उठले आणि त्यांनी भोकाच्या फोटोवर बोट ठेवलं. ते बोट उजवीकडून निघालं आणि डावीकडे गेलं. मधेच थांबलं. मास्तरांनी बोटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग परत बोटाकडे.

“चाळीस वर्षं खिळ्यांवरची आरशातल्यासारखी उलटी अक्षरं वाचली,” ते पुटपुटले. “माझ्या डोळ्याला हे सुलटच दिसलं.”

“गावात दुसऱ्या कुणालाही हा फलक वाचता आला नसता, म्हणून कुणाला संशयही आला असता. तुम्हांला वाचता आला, तिथंच घोटाळा झाला. पण पहिली चूक माझी. बातमी एका साइटवरची, फोटो दुसरीकडचा. मी दोन्हींची गाठ मारली आणि चेहरे बघितले नाहीत.”

तिनं नव्या फोटोवरचा पडदा सरकवला. पूल सुलट झाला होता. चिमणी उजवीकडे, फलकावरची अक्षरं शहाण्यासारखी ओळीत. आणि माणसं आपापल्या जागी. कपाच्या कानांचे कंत्राटदार उजव्या टोकाला, मापाच्या कोटात.

“आमचे आजोबा...” अध्यक्ष उभे राहिले.

“कंत्राटदारच. तुम्ही काल स्वतःच्या आजोबांचा गळा कापलात, तोही विनाकारण.”

टेलरबाईंना ह्यातलं काही ऐकू गेलं नसावं. त्या डाव्या टोकाशी जाऊन उभ्या होत्या. आखूड बाह्यांचा, खांद्यात ओढलेला उसना कोट. एक खांदा किंचित खाली. कोट उसना होता, उभं राहणं स्वतःचं होतं. फोटोत बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हा माणूस अर्धवट मान वळवून मागच्या कमानीकडे बघत होता, दगड नीट बसलाय ना, ते पुन्हा एकदा तपासावं तसा.

“बाबा असेच उभे राहायचे,” त्या म्हणाल्या. “दुकानाच्या दारात. असाच खांदा पाडून.” त्यांचा हात गळ्यातल्या टेपवर घट्ट होता. डोळे भरून आणायला त्यांना काही प्रयत्न करावे लागले नाहीत.

६. रविवार

अध्यक्षांनी राजीनामा लिहून आणला होता. टेलरबाईंनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला. “राजीनामा नको. पुलावर दुसरी पाटी लावा, आणि तिचं वर्गणीपुस्तक घेऊन तुम्ही स्वतः घरोघर फिरा. मफलर न घालता.”

रविवारी दोनशे नव्हे, चारशे लोक आले. फोटोचा पडदा टेलरबाईंनी उघडला. खिळेमास्तरांनी मथळा मोठ्यानं, डावीकडून उजवीकडे, वाचला. ‘डावीकडून पहिले मुख्य गवंडी’ एवढे शब्द झाले आणि ज्या टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझी बहीण मधल्या रांगेत बसून त्या संग्रहालयाला पत्र लिहीत होती, की तुमची प्लेट पालथी आहे आणि ठिकाण आता ज्ञात आहे. मान इतकी ताठ होती की मागच्या माणसाला काही दिसत नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुरावा मागितला असता.

गर्दी ओसरल्यावरही टेलरबाई तिथंच होत्या. आजोबांसमोर, त्यांच्यासारखाच एक खांदा पाडून. अध्यक्षांनी चष्मा पुसला. खिळेमास्तर उभे राहिले. ताई हळूच टेलरबाईंजवळ गेली आणि म्हणाली, “हा फोटो आता कुणी तुमच्यापासून हिरावून घेऊ शकत नाही. नेटवर आहे. तुमचा आहे, फुकट आहे, कायमचा आहे.”

बाईंनी मान हलवली. पदरानं डोळे टिपले. पर्समधून मोबाइल काढला, दोन्ही हातांनी छातीशी धरला. शंभर वर्षांनंतर त्या घराण्यातलं कुणीतरी आता काहीतरी बोलणार, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो.

“ताई,” त्या म्हणाल्या, “इथल्या वायफायचा पासवर्ड सांगता का जरा?”